देव सगळ्यांना सारखा मानतो आणि देव दयाळू आहे, या दोन वेगळ्या गोष्टी

इंदूरच्या मराठी घरांत कुणावर अवेळी घाला पडला की कुणीतरी कळवळून विचारतं, ‘देवाला दया कशी आली नाही?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘देवाला सगळे सारखेच.’ ते खोटं नाही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

गीतेच्या नवव्या अध्यायातलं ‘समोऽहं सर्वभूतेषु’ हे समत्व झालं. तिथे कुणी नावडता नाही, कुणी लाडका नाही. दयेला दुसऱ्याचं दुःख बोचतं. निःपक्षपाती न्यायाधीश कठोर असू शकतो. दयाळू माणूस गरजवंताच्या पदरात जास्त टाकतो, म्हणजे सगळ्यांना सारखं वाटून देत नाहीच.

वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) ईश्वरावरचे हे दोन आरोप स्वतंत्र नोंदवले आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं: वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. दोन्हींना उत्तर एकच, ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखा. भात उगवेल की जव, ते बी ठरवतं. पक्षपाताचा आरोप यातून पुसला जातो. निर्दयपणाचाही जातो असं भाष्य मानतं, पण तिथे माझं मन अडतं. पावसाला बियाची कळकळ कुठे असते?

एपिक्युरसच्या नावावर सांगितला जाणारा जुना ग्रीक पेचही इथेच बोट ठेवतो: देवाला दुःख टाळता येत नाही, की टाळायचंच नाही?

इंदूरच्या राजवाड्यासमोर अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. एवढ्या शिवभक्त बाईच्या वाट्याला हे का यावं? देवाने त्यांच्यावर डूख धरला नव्हता, इतकं कर्मसिद्धान्त सांगू शकतो. देवाला त्यांची माया होती का, हे त्यातून कळत नाही.

रामानुजाचार्य ईश्वराच्या अनंत कल्याणगुणांत कारुण्य आणि वात्सल्य आवर्जून मोजतात. मला हीच वाट जवळची वाटते, आणि अवघडही. दुःखाने द्रवणारा ईश्वर मानला, की जगातल्या प्रत्येक दुःखाचा जाब त्यालाच विचारावा लागतो.