घर तुमचं आहे, लोहा कुठे पडतो ते तुम्हीही पाहा

नकाशा घ्यायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, लोहा किती लागन?" किती, ते आम्ही, घराच्या सांगाड्याचं डिझाइन करणारे, सांगतोच; लोहा म्हणजे काँक्रीटमधले गज. कुठे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि घराचा जीव त्यातच असतो. गणित आमच्याकडे राहू द्या. पण त्यामागची गोष्ट घरमालकाला कळलीच पाहिजे, म्हणून हे पत्रक.

वावरातून तुरीची एक ओली काडी आणा आणि गुडघ्यावर वाकवा. गुडघ्याकडची बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि आधी तुटतात ते बाहेरचेच धागे. काँक्रीटचंही तसंच आहे. ते दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच. म्हणून जिथे ताण, तिथे लोहा.

आमच्या टेबलावर गादीच्या फोमचा हातभर तुकडा असतो, त्यावर स्केचपेनने उभ्या रेघा मारल्या आहेत. दोन विटांवर ठेवून मधे दाबला की रेघा खाली फाकतात आणि वर जवळ येतात. हा तुमच्या खोलीचा स्लॅब, याचा मुख्य लोहा खाली. आता तोच तुकडा एका टोकाला मुठीत धरून दुसरं टोक लोंबू द्या, रेघा वर फाकतील. ही गॅलरी, हा छज्जा, इथे मुख्य लोहा वर. बीम कॉलमवरून पुढच्या खोलीत जातो तिथेही ताण वरच येतो, म्हणून नकाशात कॉलमजवळ वरच्या बाजूला जादा गज दाखवलेले असतात. साइटवर त्यांना 'एक्स्ट्रा' म्हणतात, आणि एक्स्ट्रा म्हटलं की माणसाला ते वाचवावेसे वाटतात. नावच चुकलं आहे. ते वाचवायचे गज नाहीत.

एका गावात आमच्याच नकाशावरच्या गॅलरीला सेंट्रिंग, म्हणजे ओतताना खालून दिलेला आधार, काढल्यावर भिंतीलगत आडवी चीर दिसली. गज मोजून बरोबर होते, वरच बांधले होते. पण स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्यांच्यावरूनच चालली आणि लोहा दबून खाली बसला. गॅलरी तोडावी लागली. आम्ही आदल्या दिवशी पाहून परतलो होतो, ओतताना थांबलो नव्हतो, ही चूक आमची. तेव्हापासून वरच्या गजाखाली सळईच्या खुर्च्या आणि चालायला वेगळ्या फळ्या असल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही. आणि तीन फुटांची गॅलरी ऐनवेळी सहा फूट करू नका. लांबी दुप्पट झाली की वाकवणारा जोर चौपट होतो.

वजनाचा हिशेब थोडा सांगतो. दहा बाय दहाच्या खोलीचा पाच इंची स्लॅब स्वतःच जवळपास २,९५० किलोचा असतो. त्यावर माणसं, पलंग, कपाट यांच्यासाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २०० किलो धरतात, म्हणजे त्या खोलीला साधारण १,८६० किलो. पण तुम्ही तिथे भाव वाढेपर्यंत सोयाबीनचे साठ किलोचे शंभर कट्टे रचले, तर ते ६,००० किलो होतात, तिपटीहून जास्त. वरच्या मजल्यावर माल ठेवायचा असेल तर नकाशाआधी सांगा, त्या खोलीचं डिझाइनच वेगळं होतं. हजार लिटरची टाकीही आधी सांगा. पाणीच हजार किलो असतं.

आपल्याकडची खरी भानगड मात्र जमिनीखाली आहे. वैशाखात काळ्या वावराच्या भेगेत हात जातो आणि मृगाचं पाणी पडलं की ती भेग मिटते. घराखालची मातीही दरवर्षी तेच करते, फुगते नि आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात त्या बहुतेक याच्याच. प्लास्टर करून त्या बुजत नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात परत येतात. म्हणून आधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्या. टणक मुरूम लागेल तिथे फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, बसतं. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले खांब, घ्यावे लागतात, त्या फुग्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो. प्लिंथ बीमखाली, म्हणजे जोत्याच्या बीमखाली, आम्ही काळी माती भिडू देत नाही, फुगायला जागा ठेवतो. आणि न्हाणीचं पाणी, शोषखड्डा प्लिंथला चिकटून नको. मातीला बारा महिने एका बाजूने पाजलं की घर एका बाजूने हलतं.

"इकडे भूकंप कुठे होतो?" असंही ऐकतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणून कॉलमच्या उभ्या गजांभोवतीच्या रिंगची टोकं काटकोनात न सोडता १३५ अंशात आत वळवून घ्या. खर्च नगण्य, फक्त बांधणाऱ्याला कंटाळा येतो.

लोहा वाढवला की घर मजबूत, हाही गैरसमज. बीममध्ये गरजेपेक्षा जास्त लोहा कोंबला तर गज ताणून इशारा देण्याआधीच वरचं काँक्रीट चिरडू शकतं. गजांच्या गर्दीत गिट्टी उतरत नाही आणि खाली पोकळी राहते, ते वेगळंच. फी आम्ही बांधकामाच्या चौरस फुटावर घेतो, लोह्याच्या टनावर नाही, त्यामुळे गज वाढवण्यात आमचा काही फायदा नाही.

ओतताना पाण्यावर लक्ष ठेवा. सिमेंटच्या एका पोत्याला, रेतीतला ओलावा धरून, २७ लिटरच्या आसपास पुरे. माल सरकत नाही म्हणून मिस्त्री पाइप सोडतात, तिथे थांबवा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर स्लॅबवर निदान दहा दिवस पाणी हवं. एप्रिल-मेच्या उन्हात आम्ही चौदा दिवस सांगतो. आळी करून पाणी भरून ठेवा, सकाळ-संध्याकाळ शिंपडून भागत नाही.

नकाशाची एक प्रत आम्ही लॅमिनेट करून देतो, ती मिस्त्रीकडे न देता घरात ठेवा. घरातला मुलगा किंवा मुलगी पॉलिटेक्निकला असेल तर नकाशा समजून घ्यायला सोबत आणा, आम्ही वेळ देतो. आणि स्लॅबच्या दोन दिवस आधी फोन करा. लोहा आम्ही येऊन पाहतो, चूक निघाली तर सोडून परत बांधायला एक दिवस हाताशी राहतो.