डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) स्वस्तात एलपीजीवर? खुलासा
जळगाव-धुळ्याकडे कित्येक वर्षं एकच गोष्ट फिरतेय, डिझेल बोलेरो असो की थार, किट टाकलं की थोडक्या हजारात पूर्ण एलपीजीवर पळते. नाही हो भाऊ! तो हिशोब पेट्रोल गाडीचा, जुनी जिप्सी वगैरे. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगच नसतो, डिझेल नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटतं, एलपीजी तसं पेटत नाही, मग हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलून प्लग बसवा, कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब कमी करा, ठिणगी देणारी इग्निशन यंत्रणा टाका, म्हणजे अर्धं इंजिन नवीनच की. पेट्रोलवाल्यांनीही नुसती किटची किंमत बघू नका, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, नोंद लागते, टाकी ८० टक्केच भरते, लिटरमागे अ‍ॅव्हरेजही पेट्रोलपेक्षा कमी, तोरणमाळचा घाट चढताना तर जास्तच जाणवतं. आणि घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीला लावणं हा सरळ गुन्हा आहे.