चिऱ्याला सिमेंट सोसत नाही

पणजीच्या धक्क्यावर उभं राहिलं की मांडवीपलीकडे रेइश मागूशचा किल्ला दिसतो. पोर्तुगिजांनी तो १५५१ मध्ये बांधायला घेतला आणि १७०७ मध्ये त्याची मोठी फेरबांधणी केली. १९९३ पर्यंत तिथे तुरुंग होता. पुढे गोवा सरकार, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांनी मिळून दुरुस्ती केली आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. म्हणजे गोव्यातले बहुतेक किल्ले सिमेंटाहून जुने आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीतली अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो. उघड्यावर वाळला की त्यातली लोहसंयुगं घट्ट होतात आणि तो टणक होतो. तरी आतून सच्छिद्रच राहतो. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वर खारा वारा. भिंत पाणी पिणारच. प्रश्न एवढाच की ते बाहेर कुठून पडणार?

दोन चिऱ्यांमधल्या भरलेल्या सांध्याला दर्ज म्हणतात. या दर्जा चुन्याच्या असतील तर ओल त्यांच्यातून सुकते. पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं आणि त्याचे स्फटिक छिद्रांत वाढत भोवतालचं फोडत जातात. लोणा लागला म्हणतो तो हाच. पण इथे झिजतो तो चुना. चुना म्हणजे फ्यूजची तार: जळायचं तर आधी तिने. दहा-वीस वर्षांनी दर्जा खरवडून पुन्हा भरल्या की झालं.

सिमेंटाची दर्ज चिऱ्यापेक्षा कठीण आणि ओलीला जवळजवळ बंद. मग पाणी दगडातूनच बाहेर येतं आणि मीठही दगडातच साचतं. अशी भिंत जवळून पाहा: चिरे वाटीसारखे आत खचलेले, लाल भुकटी पायाशी पडलेली आणि सिमेंटाच्या रेघा मात्र जाळीसारख्या पुढे आलेल्या. कंत्राटदाराचं काम शाबूत, किल्ला गेला!

चुन्याचं रसायन तसं साधं. शिंपले किंवा चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळूत मळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. बारीक तडा गेली तर पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळून तिथेच साकळतो आणि तडा बुजते. सिमेंटाला हे एवढं सहज जमत नाही. मात्र चुन्याला घाई चालत नाही. हे घट्ट होणं बाहेरून आत, मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतं. त्याला थोडी ओल लागते, पण कोवळ्या दर्जांवर मिरगाचा पाऊस कोसळला तर सगळं धुऊन जातं. म्हणून काम दिवाळीनंतर धरावं आणि उन्हात दर्जांवर ओलं गोणपाट टाकावं. निविदा मार्चमध्ये निघाली की मग कोणाला तरी सिमेंटाची पोती आठवतात.

गिलावा काढून लाल चिरा उघडा ठेवायची हल्ली हौस आहे. फोटो छान येतात, पण पावसाचा मारा थेट दगडावर बसतो.

बुरुजावर उगवलेला पिंपळही ओढून काढू नये. मुळांसोबत चिरेच निखळतात. तो बुंध्याशी कापायचा, मुळं मारायची आणि पोकळीत पातळ चुना ओतायचा. रोप बोटभर असताना मात्र ते नुसतं उपटलं तरी चालतं.