उसाच्या पेशीत डोकावणाऱ्या जानकी अम्माळ

तुळशीच्या लग्नाला गोव्यात वृंदावनाशी ऊस उभा करतात, सोबत दिंडो आणि आवळ्या-चिंचेच्या डहाळ्या. तो ऊस इतका गोड आणि तरीही इतका चिवट कसा झाला, हे ज्यांनी पेशीत शिरून पाहिले त्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांचे नाव फार वरचे आहे. आपल्या शाळांतून ते नाव कानावर पडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१८९७ साली केरळातल्या तेल्लीचेरीत त्यांचा जन्म झाला. शिक्षण मद्रासला, आणि १९३१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. १९३४ मध्ये त्या कोईंबतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. महाराष्ट्रात शेतोशेती दिसणारा 'को ८६०३२' ऊस याच कोईंबतूरचा.

तिथे आधीपासून एक मोठा प्रयोग चालू होता. मळ्यातला जाड, रसाळ ऊस गोड खरा, पण रोगाला लगेच बळी पडणारा. नदीकाठी शरदात पांढरे तुरे काढणारे काश हे त्याचे रानटी भावंड. त्यात गोडी नावालाच, पण दुष्काळ, पूर, रोग सगळ्याला पुरून उरणारे. या दोघांचा संकर केला, की एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी आई आणि बाप आपापली निम्मी गुणसूत्रे, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या दोऱ्या, देतात. इथे मात्र ऊस-आई आपली सगळी ८० गुणसूत्रे देऊन टाकते. बाप असलेल्या काशात ६४ असतील तर तो निम्मी, म्हणजे ३२ देतो, आणि पिलात ११२ भरतात. त्या पिलाचा पुन्हा गोड उसाशी संकर करत गेले, की गोडी वाढते आणि चिवटपणाही बराचसा टिकतो.

जानकीबाईंनी काशाचीच गुणसूत्रे मोजायला घेतली. मुळाचे कोवळे टोक घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांवर चढलेल्या त्या बारीक दोऱ्या एकेक करून मोजायच्या. डोळे शिणवणारे काम. त्यातून दिसले, की दिसायला एकच असलेल्या या गवतात ठिकाणागणिक गुणसूत्रांची संख्या बदलते. आज ती ४० पासून १२८ पर्यंत आढळली आहे. कोणता काश कोणत्या उसाला जोडायचा, हे ठरवताना ही माहिती लाखमोलाची. त्यांनी उसाचा मक्याशीही संकर घडवला आणि १९३८ साली तो 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुरुषांच्या त्या संस्थेत अविवाहित, आणि तेव्हा खालच्या मानल्या जाणाऱ्या तिय्या समाजातल्या बाईला काम करणे सोपे नव्हते. १९३९ नंतर त्या इंग्लंडमध्ये राहिल्या. १९४५ साली ब्रिटिश पेशीशास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्र-कोश प्रसिद्ध केला. पुढे विस्लीच्या बागेत कोल्चिसिन वापरून त्यांनी मॅग्नोलिया या फुलझाडाची गुणसूत्रे दुप्पट केली. हे रसायन पेशीचे विभाजन अडवते, पण गुणसूत्रांची दुप्पट होऊन गेलेली असते. त्यांच्या नावाचा मॅग्नोलिया आजही लावला जातो.

नेहरूंच्या आग्रहावरून १९५१ मध्ये त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या फेररचनेला लागल्या. आदिवासींचे वनस्पतिज्ञान, छोट्या शेतकऱ्यांची बियाणी यांत त्यांचा जीव गुंतत गेला. आपल्या गोव्याच्या खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पाहिला, की त्यांचे म्हणणे चटकन पटते: पैदासकाराला उद्या लागणारा गुण असल्याच वाणात आणि रानच्या भावंडांत सापडतो.

केरळच्या सायलेंट व्हॅलीत जंगल बुडवून धरण बांधायचे ठरले, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या जानकीबाई विरोधात उभ्या राहिल्या आणि तिथल्या झाडांची गुणसूत्रे मोजायचा बेत त्यांनी आखला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.