पाठवाऱ्यात वळताना

हिवाळ्यातल्या दुपारी कोकण किनाऱ्याने हर्णैहून दक्षिणेला दाभोळकडे शिडावर निघालात, तर खारा वारा बहुधा वायव्येचा असतो. होडीच्या मागून, थोडा उजव्या अंगाने येणारा. शीड डावीकडे पसरायचं आणि निवांत जायचं. पण अंजनवेलचा गोपाळगड जवळ आला की वाशिष्ठीच्या खाडीत शिरायला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे, पूर्वेला वळवावी लागते. एवढ्याशा वळणात वारा पाठीमागूनच उजव्या अंगावरून डाव्या अंगावर जातो आणि शिडालाही बाजू बदलावी लागते. शर्यतीच्या नौकांवर याला जाइब म्हणतात.

नाळ समोरून येणाऱ्या वाऱ्यातून फिरवून वळलं तर शीड मधल्या काळात नुसतं फडफडतं, त्यात जोर नसतो. पाठवाऱ्यात ते भरलेलंच असतं. वाऱ्याने त्याची मागची कड पकडली की झोत आल्यावर दार आपटावं तसं ते पलीकडे आदळतं. शिडाच्या खालचा दांडा, म्हणजे बूम, वाटेतलं डोकं बघत नाही.

फसवणूक इथेच होते. वारा ताशी 24 किलोमीटर आणि होडी त्याच दिशेने 10 च्या वेगाने चालली असेल, तर अंगाला वारा लागतो 14 चाच. वाटतं, आज वारा पडलाय. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो: 14 चा वर्ग 196, 24 चा 576. म्हणजे होडी थांबली तर तोच वारा शिडाला जवळजवळ तिप्पट जोराने ढकलेल. म्हणून भीतीपोटी वेग कमी करून वळणं उलट धोक्याचं. लाट मागून उचलते आणि होडी उतारावरून धावते, तेव्हाच शीड सर्वांत हलकं असतं. सुकाणू वळवायचं ते त्या क्षणी, आणि त्याआधी दोर ओढून बूम मध्यावर आणायची, म्हणजे तिला झेपावायला अंतरच उरत नाही. पलीकडे गेली की दोर लगेच सैल.

तिरक्या वाशाला बांधलेल्या जुन्या त्रिकोणी शिडाची युक्ती मला जास्त आवडते. पाठ वाऱ्याकडे आली की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दोर सोडून देतो, शीड नाळेपुढे सुटं फडफडतं. मग वासा उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात आणि दोर दुसऱ्या अंगाला बांधतात. डोलकाठी पुढे झुकलेली असते. त्यामुळे वासा तिच्यापासून सुटा लोंबतो, अडकत नाही.

बूमच्या होडीवर धीर होत नसेल तर नाळ उजवीकडे, समुद्राकडे वळवून पाऊण फेऱ्याहून मोठा वळसा घेता येतो; मग वारा समोरून ओलांडला जातो आणि शीड नुसतं फडफडत बाजू बदलतं. त्याला मोकळं पाणी लागतं, म्हणून हे खाडीच्या तोंडाशी पोचण्याआधीच ठरवावं लागतं.