बुंध्याचा फुटवा (गुलाब)

गुलाबाच्या झुडपात कलमाच्या जोडातून किंवा त्याच्या किंचित वरून सरळ उठणारी जोमदार नवी फांदी म्हणजे बुंध्याचा फुटवा. पॉलिहाउसमधले शेतकरी त्याला ‘ग्राउंड शूट’ किंवा ‘बॉटम ब्रेक’ म्हणतात. गुलाबाला आंब्यासारखे एकच कायमचे खोड नसते. एखादी फांदी काही वर्षे भरभरून फुलते, मग तिची साल करडी पडते, काड्या बारीक निघू लागतात, आणि तिची जागा बुडातून आलेली फांदी घेते. त्यामुळे झुडूप किती वर्षे जोमात राहील हे मुख्यतः या फुटव्यांवर ठरते.

डोळा भरून कलम करताना खुंटावर (खालच्या मुळे असलेल्या रोपावर) हव्या जातीचा एकच डोळा, म्हणजे न फुटलेला अंकुर, बसवतात. तो फुटतो तेव्हा त्याच्या तळाशी, खवल्यांच्या बगलेत, आणखी बारीक डोळे असतात. बुंध्याचे फुटवे बहुतेक त्यांतूनच येतात. हे डोळे मोजकेच असल्याने कलमाचा जोड कुजू न देणे फार महत्त्वाचे.

एरवी हे डोळे निद्रिस्त असतात. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरक (वाढीचे नियमन करणारे द्रव्य) त्यांना दाबून ठेवते, तर मुळांकडून वर चढणारे सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक फुटायला मदत करते. शेंडा छाटला की हा तोल बदलतो. मात्र गुलाबाच्या डोळ्याला प्रकाशही लागतो. अंधारात शेंडा कापूनही डोळा जागचा हलत नाही. दाट पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा प्रकाश कमी उरतो, आणि तेवढ्यानेही फूट अडते. फुटवे येईनात म्हणून खताची मात्रा वाढवण्याआधी बुडाशी साचलेला पाला आणि मेलेल्या काड्या काढून तिथे ऊन पोहोचू द्यावे, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाउसांत यासाठी ‘बेंडिंग’ करतात. नव्या रोपाच्या पहिल्या बारीक काड्यांची कळी खुडून काड्या वाफ्याच्या कडेला वाकवतात. वाकलेल्या काडीची पाने झाडासाठी अन्न तयार करत राहतात आणि वाकाच्या मागचे, बुडाजवळचे डोळे जाड फुटवे टाकतात. उघड्या शेतात आणि बागेत हेच काम पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबर छाटणीने होते. तेव्हा थकलेली फांदी अर्ध्यावर न तोडता बुडापासून काढावी.

कोवळा फुटवा बहुधा लालसर असतो आणि जोडापाशी धक्क्याने सहज निखळतो. त्याला काठीचा आधार हवा. मोकळा वाढू दिल्यास तो शेंड्याला फांदून फुलांचा मोठा झुबका धरतो. त्यापूर्वी शेंडा खुडला तर खालून चांगल्या काड्या मिळतात.

जोडाच्या खालून निघते ती खुंटाची फूट. एका पानात सात पर्णिका (पानाचे छोटे भाग) दिसल्या की फूट जंगली, हा समज मोठा घात करतो, कारण कित्येक चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. माती बाजूला सारून फूट जोडाच्या वरून निघाली की खालून, हे पाहावे. खालची असेल तर कात्रीने न कापता उगमापासून ओढून काढावी, नाहीतर उरलेल्या बुडख्यातून पुन्हा अनेक फुटी येतात.