३४ इंचाची तार ३४ इंचाच्या बेसला आखूड का पडते?

परभणीहून भाच्याचा फोन आला तेव्हा १४ एप्रिल आठवड्यावर आला होता. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात तो बेस गिटार वाजवतो, जयंतीच्या महिन्यात त्याची एकही रात्र रिकामी नसते. "मामा, पाकिटावर ३४ लिहिलंय, बेसही ३४ चाच आहे. मग ई तार खुली सोडली की अशी फुसकी कामून वाजायली?"

ई म्हणजे बेसची सगळ्यात जाड तार. व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) आणि पहिला फ्रेट (मानेवरचा पडदा) यांच्या मधोमध चकचकीत जाड तार संपली होती आणि रंगीत धागा गुंडाळलेला बारीक भाग सुरू झाला होता. तारा नव्या, फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या गुंडाळीच्या, पुण्याहून कुरिअरने मागवलेल्या. बेस स्ट्रिंग-थ्रू, म्हणजे तार बॉडीच्या पाठीमागून लाकडातून आरपार वर येणारा. दोष ना तारेचा होता, ना बेसचा. स्केलची लांबी आणि तारेची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाकिटावरचा आकडा एकीचाच असतो.

स्केल म्हणजे नटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंतचं, म्हणजे बॉडीवर तार टेकते तिथपर्यंतचं अंतर. सतार-तंबोरा हाताळणाऱ्यांना हे लगेच कळतं: मेरूपासून घोडीपर्यंतची तार बोलते, घोडीच्या मागची आणि खुंटीकडची नुसती ताण धरून असते. बेसचं स्केल मोजायचं तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. १७ इंच भरले तर स्केल ३४, म्हणजे साधारण ८६.४ सेंटिमीटर. पाकिटावर 'लाँग स्केल, ३४' लिहितात ते याच अंतराबद्दल. तार अमुक लांबीच्या स्केलसाठी बनवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खुद्द तारेची लांबी मोजायची ती टोकाच्या पितळी बॉलपासून, जाड गुंडाळी जिथे संपते तिथपर्यंत. त्यापुढे तार निमुळती होते, धाग्याची होते, ती खुंटीला गुंडाळण्यासाठी असते. बॉल कुठे बसतो यावर सगळं ठरतं. टॉप-लोड ब्रिजमध्ये तो ब्रिजच्याच मागच्या कडेला अडतो. स्ट्रिंग-थ्रूमध्ये बॉडीच्या पाठीवरच्या धातूच्या टोपणात बसतो, आणि सॅडलपर्यंत पोचण्याआधी तारेला लाकडाची सगळी जाडी पार करावी लागते. ही जाडी बहुतेक बेसमध्ये साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असते.

माझ्याकडच्या बेसला दोन्ही सोयी आहेत, म्हणून त्यावरच मोजून दाखवतो. बॉलपासून सॅडलपर्यंत वरून घातली तर साडेतीन सेंटिमीटर, पाठीमागून घातली तर साडेसात. त्यात ८६.४ मिळवा. नट येतो वरून ८९.९ वर आणि आरपार ९३.९ वर. आता ९१.५ सेंटिमीटर जाड गुंडाळी असलेली तार घ्या. टॉप-लोडमध्ये ती नट ओलांडून दीड सेंटिमीटर पुढे जाते, काम फत्ते. आरपारमध्ये मात्र नटच्या अडीच सेंटिमीटर अलीकडेच संपते. पहिला फ्रेट नटपासून ४.८ सेंटिमीटरवर, म्हणजे बरोबर मधोमध. भाच्याच्या बेसवर दिसलं ते हेच. नटच्या खाचेत जाड तारेऐवजी मऊ धागा बसला, म्हणून खुली ई फुसकी आणि बोट ठेवलेली ई खणखणीत.

मग सगळ्यात लांब तार मागवली की भागलं? इथे बरेच जण फसतात, मीही फसलो आहे. हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या, एकाच बाजूला चारही खुंट्या असलेल्या बेसमध्ये ईची खुंटी नटला सगळ्यात जवळ असते, माझ्याकडे पाच सेंटिमीटरवर. सुपर लाँग, म्हणजे लाँगहूनही लांब तार मी टॉप-लोडमध्ये घातली आणि जाड गुंडाळी थेट खुंटीवर चढली. फ्लॅटवाउंडची बाहेरची गुंडाळी गोल तारेची नसते, चपट्या पोलादी पट्टीची असते. बोटाला ती काचेसारखी गुळगुळीत लागते, पण घट्ट वळण तिला सोसत नाही. दुसऱ्याच वेढ्याला पट्टीच्या कडा माशाच्या खवल्यांसारख्या उभ्या राहिल्या, खालचा थर डोळ्यांना दिसू लागला आणि तार वाया गेली. तेव्हा ईची जाड गुंडाळी नट ओलांडून पुढे गेली पाहिजे आणि खुंटीच्या आधी संपली पाहिजे. जागा चार-पाच सेंटिमीटरचीच. त्यात बसणारी तार शोधायची, आणि त्यासाठी आधी मोजायचं.

गोल तारेच्या गुंडाळीच्या राउंडवाउंड तारा या बाबतीत जरा सोशिक असतात. फ्लॅटवाउंडला स्ट्रिंग-थ्रूमध्ये आणखी एक जाच आहे: लाकडातून उभी वर येऊन सॅडलवर आडवी होताना पडणारी मोड. भोकाची कड धारदार असेल तर पट्टी तिथेच फाकते. म्हणून घालण्याआधी कडेवरून बोट फिरवून पाहा. तार ओवताना पुढचं टोक हातात मोकळं फिरू द्या, पीळ राहिला तर आवाज मेल्यासारखा येतो. आणि टोक कापायचं असेल तर आधी काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पुढे कापा, म्हणजे गुंडाळी आत सुटत जात नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, फ्लॅटवाउंड आरपार बेसला घालूच नयेत. तसं अजिबात नाही. १९५१ साली फेंडर या अमेरिकन कंपनीचा पहिला प्रिसिजन बेस आला तो आरपारच होता, आणि त्या काळी बेसला फ्लॅटवाउंडच लागत. १९५७ साली त्याचं रूप बदललं तेव्हा तारा ब्रिजलाच अडकू लागल्या. दोन्ही सोयी असतील तर मी फ्लॅटवाउंड डोळे मिटून ब्रिजमध्येच घालतो. आरपारचीच सोय असेल तर सुपर लाँग बघायच्या. डॅडॅरिओ कंपनीच्या क्रोम्स या फ्लॅटवाउंड लाँग आणि सुपर लाँग अशा दोन्ही मिळतात.

आरपार घातली की ताण वाढतो, असंही स्टेजवर सारखं ऐकतो. ताण ठरतो तीनच गोष्टींवर: स्वर कुठला, तार किती जड, बोलणारी लांबी किती. त्या तिन्ही तशाच राहतात, म्हणून ताणही तोच. बदलतो तो सॅडलवरचा कोन आणि त्यामुळे पडणारा दाब. बोटाला वेगळं वाटतं ते खोटं नाही, पण त्याला ताण म्हणू नये.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, घामाने राउंडवाउंडचा आवाज महिन्याभरात बसतो, फ्लॅटवाउंड मात्र वर्षानुवर्षं साथ देतात. एवढी टिकणारी वस्तू घ्यायची तर दोन मिनिटं टेप लावायला हरकत कसली?

भाच्याला सांगितलं, जयंतीपुरत्या जुन्या तारा परत चढव. न ताणणारी सुतळी पाठीमागच्या टोपणातून ओव, सॅडलवरून नटपर्यंत आण, गाठ मार. तशीच पुढे ईच्या खुंटीपर्यंत ने, दुसरी गाठ. दोन्ही गाठींपर्यंतची मापं मला पाठव, मग कुठलं पाकीट मागवायचं ते ठरवू.

रात्री अकराला मेसेज आला: "९४ आणि ९९."